सोमवारचा एक फटका

खरातमामा थकलेले होते. कधीपासून, हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. भावसिंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मी राहायला आलो तेव्हा ते थकलेलेच होते. गल्लीतले जुने लोक शपथेवर सांगत की, स्वतःच्या लग्नात मंडपात उभं राहून थकलो म्हणून त्यांनी सासऱ्याची खुर्ची मागून घेतली होती. सासरा उभा आणि नवरदेव बसलेला, असा एक फोटो त्यांच्या घरात भिंतीवर आहे. तो मी स्वतः पाहिलाय, त्यामुळे यात माझी भर नाही. माझी भर कुठं आहे ते मी सांगणार नाही.

त्यांच्या थकण्याचे प्रकार होते. नुसतं ‘थकलो’ म्हणजे तब्येत उत्तम. ‘लई थकलो’ म्हणजे सकाळचा चहा व्हायचाय. ‘बसून थकलो’ म्हणजे गप्पा संपल्या, आता तुम्ही उठा. ‘झोपून थकलो’ हे फक्त रविवारी. शहरात बसण्यासारखी जागा कुठं कुठं आहे, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार होता. शहागंजच्या बाजारात कुठल्या दुकानाची पायरी सावलीत असते, छावणीत कुठल्या पुलाचा कठडा रुंद आहे, बँकेत कुठल्या काउंटरसमोरचं बाकडं मोडलेलं नाही, सगळं पाठ. त्यांच्यासोबत कुठं निघालं की रस्ता चालण्याचा नसायचा, या बैठकीवरून त्या बैठकीवर जाण्याचा असायचा.

शहागंजात माझं चष्म्याचं दुकान आहे. मामा तिथं पहिल्यांदा आले ते डोळे तपासायला. तपासणीच्या खुर्चीत बसले, तिच्या दोन्ही दांड्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, “खुर्ची चांगली हाय.”

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. “मामा, वरून वाचत या.”

“कुठपर्यंत?”

“जमेल तिथपर्यंत.”

त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि थांबले. मी काच बदलली. परत दोनच ओळी. अशा सहा काचा झाल्या. मला घाम फुटला, कारण या हिशेबानं माणूस आंधळ्यात जमा होता आणि आंधळा माणूस दाराबाहेरच्या पाटीवरचं माझं नाव वाचून आत आला होता.

“मामा, तिसरी ओळ अजिबातच दिसत नाही का?”

“दिसतीय की.”

“मग वाचत का नाही?”

“तुमीच म्हनले, जमंल तिथपर्यंत. दोन ओळी वाचून थकलो.”

“अहो, पण अशानं नंबर चुकीचा निघेल.”

“निघू द्या, दुकानदार. मग परत यावं लागंल. परत बसायला मिळंल.”

तेव्हापासून मी त्यांचा ‘दुकानदार’ झालो, तो शेवटपर्यंत.

हा माणूस एवढा थकला कशानं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. छावणीच्या पलीकडं एक छोटं गोल्फचं मैदान आहे. मामांनी सगळी नोकरी तिथं काढली. हिरव्यागार गालिच्यावर पांढरा बॉल हळूच घरंगळत जातोय, असं टीव्हीवर दिसतं ना, तसलं ते मैदान नव्हे. तसलं गवत राखायला जे पाणी लागतं ते आपल्याकडं प्यायला पुरलं तरी लोक समाधानी असतात. म्हणून इथं होलच्या भोवती गवत नसायचंच. तिथं बारीक वाळू आणि जळकं तेल कालवून केलेलं एक सपाट, काळपट वर्तुळ असायचं. साहेब लोक त्याला ‘ब्राऊन’ म्हणत. अशी नऊ वर्तुळं. माणूस त्यावरून चालला की पावलं उमटतात, आणि पावलात बॉल अडकला की साहेब चिडतात. ती पावलं पुसणं ही मामांची नोकरी. बांबूला ओलं तरट बांधायचं, मधोमध उभं राहायचं आणि ते ओढत गोल गोल मागं मागं जायचं. मागं का, तर पुढं तोंड करून ओढलं की मागं राहिलेलं पाऊल दिसत नाही.

“माजं निम्मं चालनं उलटं झालंय,” मामा सांगायचे. “गुडघ्याला कळंना बिचाऱ्याला, हा मानूस येतुय का जातुय.”

अशा माणसाच्या पदरात पाच वर्षांची नात आली. मुलगी सविता वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीला, जावई ट्रकवर महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे सकाळी सहा ते दुपारी शाळेची वेळ होईपर्यंत यशोधरा मामांच्या ताब्यात. म्हणजे मामा यशोधराच्या ताब्यात. यशू चालायची नाही, पळायची. जिन्यावर पळायची, गच्चीवर पळायची, आंघोळ घालताना पळायची. एकदा ती गल्लीच्या टोकापर्यंत पळाली आणि मामा मागं निघाले. ती तीन वेळा जाऊन परत आली तेव्हा मामा माझ्या दारापर्यंत पोचले होते.

पायरीवर बसून ते म्हणाले, “दुकानदार, हिला एखादा खेळ लावला पायजे.”

मी क्रिकेट सुचवलं.

“बॉलिंग कोन टाकनार? मी?”

“लंगडी?”

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुढं खो-खो म्हटलंच नाही. कॅरमचा प्रयोग झाला होता. यशूनं पहिल्याच दिवशी स्ट्रायकर खिडकीतून टाकला आणि तो आणायला मामांना जिना उतरावा लागला. बराच वेळ ते विचार करत बसले. मग म्हणाले, “गोल्फ.”

मी हसलो.

“हसू नका. नीट बगा. पोरगी बॉल मारनार. बॉल लांब जानार. पोरगी त्याच्या मागं जानार. तिथून परत मारनार, परत जानार. ह्यात म्हाताऱ्याला काय काम? बसायचं. पोरगं पळतं आन म्हातारं बसतं, असा दुसरा खेळ दाखवा मला.”

मी पुष्कळ आठवून पाहिलं. दुसरा खेळ सापडला नाही. मोठमोठ्या घरांत मुलांना गोल्फ का लावतात त्याची कारणं मी नंतर ऐकली. एकाग्रता, शिस्त, ओळखीपाळखी. मामांच्या कारणाइतकं प्रामाणिक कारण मला अजून भेटलेलं नाही.

मैदानावर भंगारात निघालेली बायकांची एक स्टिक मामांनी आणली. ती करवतीनं कापून यशूच्या कमरेएवढी केली आणि मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पण ती लगेच तिच्या हाती दिली नाही. आधी तरट दिलं. अंगणात त्यांनी एक स्टीलचा पेला जमिनीत गाडला, भोवती वाळू पसरली आणि यशूला सांगितलं, “आधी झाडायचं. मागं मागं जायचं. तुजं एक पाऊल दिसलं तर उद्या परत.”

महिनाभर ती पोरगी अंगणात ओलं तरट ओढत उलटी चालत होती. सविता पाळी करून आली की डोक्याला हात लावायची.

“आबा, लोकं पोरीला खेळ शिकवतात. तुमी तिला झाडू शिकवलाय.”

“खेळून गेलेलं मागच्याला कळू नये. हे आदी शिकायचं असतंय.”

“आन गोल्फ कशाला? आपन काय साहेब हाव का?”

“साहेब लोक कुठं खेळत व्हते? मी बगितलंय ना जलमभर. ते गप्पा मारायला यायचे.”

मग फटका. मामा स्टुलावर बसूनच शिकवायचे. निळं प्लास्टिकचं स्टूल, सगळीकडं बरोबर. त्यांच्या शिकवण्यात एकच गोष्ट होती: जोर लावायचा नाही. “जोर लावला की बॉल वाकडा जातुय. वाकडा गेला की हुडकावा लागतुय. हुडकून मानूस थकतंय. सरळ मार, थोडं मार, जोर वाचव.” यशू बॉल मारायची, पळत जायची, परत मारायची. पहिल्यांदा बॉल पेल्यात टणकन वाजला तेव्हा ती आनंदानं नाचली आणि मामा म्हणाले, “आता काढ. मला वाकवत नाय.”

अंगण पुरेना, आणि शेजारच्या दारांवर बॉल वाजू लागले, तेव्हा तिला मैदानावर न्यायचं ठरलं. मैदान सोमवारी सभासदांना बंद असतं. त्या दिवशी सकाळी तिथले माळी, बॅगा उचलणारे आणि निवृत्त झालेले जुने लोक खेळतात. त्यांचा तो हक्काचा दिवस. मुलांना नेता येतं, पण त्याला एक नियम आहे. आठ वर्षांखालचं मूल असेल तर बरोबर घरचं मोठं माणूस हवं, आणि ते माणूस स्वतः खेळणारं हवं. नुसतं बघणारं चालत नाही. आठ पूर्ण झाली की नाव लिहून एकट्याला सोडतात.

म्हणजे बसायला मिळावं म्हणून निवडलेल्या खेळात मामांना उठावं लागणार होतं.

“हे मला कुनी आदी सांगितलं नाय,” ते मला म्हणाले. मैदानावर एवढी वर्षं काढून हा नियम त्यांना माहीत नव्हता, कारण नियम वाचायला उभं राहावं लागायचं.

पहिल्या सोमवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. पुढं यशू उभी, मागं मामा, त्यांच्या मांडीवर आडव्या स्टिका आणि हातात स्टूल. पहिला फटका जिथून मारतात त्या चौथऱ्यावर मामा उभे राहिले. डावा हात कंबरेवर ठेवला. मैदानाकडं पाहिलं. खोल श्वास सोडला, ‘हुश्श’, असा की शेजारचं झाड हलावं. मग स्टिक जेमतेम गुडघ्याच्या वर उचलली आणि खाली आणली. टक. बॉल उठला, शिस्तीत सरळ गेला आणि वाटेच्या मधोमध थांबला.

मी आ वासून पाहत राहिलो. “मामा, तुम्ही तर खेळाडू आहात.”

“खेळाडू कशाचा. दुसऱ्यांदा मारायला लागू नये, एवढंच बगतो.”

मग यशू पुढं झाली. तिनं डावा हात कंबरेवर ठेवला. मैदानाकडं पाहिलं. तिच्या त्या टीचभर छातीतून तसाच खोल ‘हुश्श’ निघाला. स्टिक गुडघ्याच्या वर. टक. सरळ.

माळ्यांचे मुकादम रशीदभाई मागं उभे होते. मामांचे जुने जोडीदार. ते खाली बसून हसले. “मामा, ये क्या सिखाए तुम? पोट्टी कू बुढापा सिखा दिए.”

हे खरंच होतं. खेळ शिकवताना मामांनी कंबर दुखण्यासकट सगळा शिकवला होता आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. यशू दोन फटक्यांच्या मधे वाऱ्यासारखी पळायची, पण बॉलजवळ पोचली की साठ वर्षांनी मोठी व्हायची. खाली वाकताना ‘आई गं’ म्हणायची. बॉल उचलून उभी राहताना गुडघ्यावर हात. सोमवारचे लोक तिला म्हातारी म्हणू लागले. “आली का म्हातारी?” “म्हातारे, आज गुडगे काय म्हनतेत?” ती गंभीरपणे सांगायची, “ठीक हाय. उन्हाचा तरास.”

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक मुलांच्या शिबिरासाठी आला. चांगला होता मुलगा, कष्टाळू. त्यानं यशूचा फटका पाहिला आणि जवळ येऊन वाकून विचारलं, “बाळा, तुझी पाठ दुखते का?”

“माझी नाय. आबांची दुखती.”

त्यानं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, हळू गतीत बघायला. मग तो बराच वेळ मोबाइलकडं पाहत बसला, कारण हळू गतीतला फटका आणि खरा फटका यात काही फरकच दिसेना. शेवटी त्यानं तिला शास्त्रशुद्ध शिकवायचं ठरवलं. हात पूर्ण मागं, कंबर वळव, जोरात. यशूनं बारा वेळा स्टिक फिरवली. बॉल जागचा हलला नाही. एकदा ती स्वतः मात्र गोल फिरून खाली बसली. तिचा चेहरा रडवेला झाला. मामा लांब स्टुलावरून बघत होते. तेरावा फटका तिनं कंबरेवर हात ठेवून, हुश्श करून मारला. बॉल सगळ्या मुलांच्या बॉलच्या मधून सरळ गेला.

प्रशिक्षक मामांजवळ आला. “आजोबा, हिचं सगळं चुकीचं आहे.”

“व्हय.”

“पण बॉल सरळ जातो.”

“व्हय.”

“हे बदलू का नको?”

मामांनी विचार केला. “आठ वर्षांची झाली की बदला. तोपर्यंत मी हाय.”

तेव्हा मी याकडं लक्ष दिलं नाही. मामा नेहमी काहीतरी म्हणायचे.

पुढच्या फेब्रुवारीत ते दुकानात आले. पायरी चढून आत आले, काउंटर धरून उभे राहिले.

मी म्हटलं, “बसा ना मामा.”

“नको. बसलो तर उठायला जमायचं नाय.”

त्यांच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. आणि घरी परतेपर्यंत मला काहीतरी खटकत राहिलं, ते रात्री जेवताना लक्षात आलं. त्या दिवशी ते ‘थकलो’ म्हणाले नव्हते. मी एवढा त्यांच्या थकण्याचे प्रकार पाठ करून बसलेला, आणि खरा प्रकार समोर उभा राहून गेला तर ओळखला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नीट सांगणाऱ्या. हृदय मोठं झालंय, पंप नीट चालत नाही, गोळ्या, मीठ बंद, चढण बंद, वजन उचलणं बंद. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“आन एक फटका?”

“कसला फटका?”

मामांनी गोल्फ समजावून सांगितलं. समोरचा रांगेतला पेशंटसुद्धा ऐकू लागला. बाई म्हणाल्या, “बाबा, एकही नाही.”

बाहेर येऊन ते कठड्यावर बसले. मी पाणी आणलं. ते प्यायले आणि म्हणाले, “यशीला जूनमधी आठ पुरी व्हत्यात. मधी सोमवार किती?”

मी बोटांवर मोजले. “सतरा.”

“सतरा फटके,” ते म्हणाले. “एवढे असतील माज्यात.”

मी खूप बोललो. पोरीला थोडे महिने घरी खेळू दे म्हटलं, मैदान कुठं पळून जातंय म्हटलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, “दुकानदार, ह्या वयात पोर चार महिने थांबलं का दुसऱ्या कशात जातंय. मला म्हाईत हाय. सवितानं असंच शाळंतलं धावनं सोडलं, मी न्यायला कट्टाळा केला म्हनून. ती आता मशिनपुढं आठ तास उबी राहाती.” मग म्हणाले, “तिला सांगू नका.”

मी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही.

आधी ते प्रत्येक होलला एक बॉल मारायचे. आता फक्त पहिल्या चौथऱ्यावर एक. मारायचा, स्टूल टाकायचं, बसायचं. बाकीचे आठ होल यशू एकटी फिरून यायची. बाकीचे खेळणारे कुजबुजले, हा काय खेळ झाला का. रशीदभाईंनी निकाल दिला, “नियम में खेलनेवाला लिखा है. खतम करनेवाला नहीं लिखा. बैठो मामा.”

त्यामुळे मामा सकाळी साडेसहा ते नऊ अधिकृतपणे खेळत असायचे. एकदा मैदानाचे सेक्रेटरीसाहेब अवचित फिरत आले. स्टुलावरचा माणूस पाहून थांबले.

“खरात, खेळ चालू आहे ना?”

“चालू हाय साहेब. दुसऱ्या बॉलचा विचार करतोय.”

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, दूरवर चाललेल्या यशूकडं पाहिलं, आणि “करा, करा, घाई नाही,” म्हणून निघून गेले. ते पूर्वी फौजेत होते. त्यांना सगळं कळलं असावं.

एप्रिलमध्ये सविताला गोळ्यांचा कागद सापडला. मी नेमका त्यांच्या दारात होतो, त्यामुळे मला पळता आलं नाही. ती ओरडली नाही. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगावर होता. कागद हातात धरून ती म्हणाली, “आबा, बंद करा.”

“आठ राहिलेत.”

“मला तुमी पायजे. तिचा खेळ नको.”

“मी हायच की. आठ सोमवार तर हायच.”

ती माझ्याकडं वळली. “तुमी बी सामील, दादा?” मी जमिनीकडं बघितलं. पण पुढच्या सोमवारी पहाटे मी स्कूटर काढायला गेलो तर सविता ओट्यावर मामांच्या उजव्या खांद्याला कोमट तेल चोळत होती. चोळून झालं, तिनं त्यांच्या शर्टाची बटणं लावली आणि कंपनीच्या बसला गेली. मग दर सोमवारी तसंच.

मे महिन्यात त्यांचा फटका लहान होत गेला. साठ पावलं, चाळीस, वीस. सरळ मात्र जायचा. यशूनं विचारलं नाही, पण पोरांना कळतंच. ती आता चौथऱ्यावर आधी त्यांच्यासाठी बॉल ठेवायची, त्यांचा चष्मा स्वतःच्या फ्रॉकला पुसून द्यायची आणि पळत न जाता शेजारी उभी राहायची, त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत.

सतरावा सोमवार. मामांना स्कूटरवरून उतरवायला मी आणि रशीदभाई, दोघं लागलो. चौथऱ्यावर ते उभे राहिले आणि त्यांचे पाय थरथरू लागले. मी स्टूल सरकवलं. ते बसले. स्टिक गुडघ्यांवर आडवी. उठायचा एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला नाही.

यशूनं बॉल उचलला आणि स्टुलाच्या पायाशी, त्यांच्या उजव्या पावलाशेजारी ठेवला. स्टिक त्यांच्या हातात उभी करून दिली आणि खालची बाजू बॉलमागं नीट लावली.

“बसून मारा, आबा. जोर नका लावू.”

मामांनी बसल्या बसल्या स्टिक हलवली. बॉल चार हात गेला असेल. वाळलेल्या गवतात थांबला. तिथं आम्ही आठ-दहा माणसं होतो. सगळी रशीदभाईंकडं बघत होती.

रशीदभाई बॉलपाशी गेले, वाकून नीट पाहिलं, जसं काही अंतर मोजायचंय. “हौ,” ते म्हणाले. “मामा खेले. जा बेटी, तेरी बारी.”

यशूला आठ पूर्ण झाली ती त्याच आठवड्यात, गुरुवारी. यानंतर मामा आषाढापर्यंतसुद्धा राहिले नाहीत, पण ते मला इथं नको आहे. मला तिच्या वाढदिवसानंतरचा सोमवार हवा आहे.

त्या दिवशी त्यांना यायची गरज नव्हती. मी यशूला सोडायला निघालो तर ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर तयार. “फाटकापर्यंत येतो,” म्हणाले. फाटकावर रजिस्टर होतं. यशूनं पंजांवर उभं राहून त्यात स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट. ‘सोबत’ या रकान्यापाशी ती थांबली आणि वर पाहिलं.

चौकीदार म्हणाला, “तिथं रेघ मार.”

तिनं रेघ मारली. मग दोन स्टिका खांद्यावर टाकून आत गेली. चौकीदार मामांना म्हणाला, “या ना मामा, आत येऊन बसा. खुर्ची देतो.”

माझ्या दुकानातली ती एक सोडली, तर या शहरात मामांनी नाकारलेली ही मला माहीत असलेली एकमेव खुर्ची. “नको,” ते म्हणाले. “आता आत माजं काय काम नाय. चला दुकानदार. नऊला येऊन घेऊन जा तिला.”

ते मागं बसले. मी स्कूटर चालू केली. बाजाराच्या वळणापर्यंत ते काहीबाही बोलत होते, शाळेच्या नव्या दप्तराबद्दल वगैरे. मग बोलणं थांबलं आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी दचकलो, पण मानेला त्यांचा श्वास लागत होता. संथ, नीट चाललेला. झोपले होते. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या पोटापुढं ओढून घेतले आणि डाव्या हातानं धरून ठेवले.

आमची गल्ली दहा मिनिटांवर होती. तिथं पोचलं की थांबावं लागलं असतं, आणि थांबलं की ते जागे झाले असते. म्हणून मी वळलोच नाही. छावणीतल्या मोठ्या झाडांखालच्या रस्त्यानं, माणूस चालतो त्या वेगानं स्कूटर नेत राहिलो. दुकानांची शटर्स उघडत होती. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि शेजारी येऊन म्हणाला, “अरे काका, गाडी है के जनाजा?” मग त्याची नजर मामांवर पडली आणि तो मुकाट्यानं पुढं गेला.

दुसऱ्या फेरीला मैदानाच्या तारेजवळून गेलो. यशू तिसऱ्या होलच्या वर्तुळात होती, एकटीच, तरट ओढत मागं मागं येत होती. मी मामांना उठवलं नाही.